धार, गोळी आणि चकती

पारा इतका जड की त्यावर लोखंडाचा खिळा तरंगतो. पाण्याच्या साडेतेरा पट जड. पण त्याची श्यानता, म्हणजे वाहण्यातला अडथळा, पाण्याच्या जेमतेम दीडपट. एरंडेल तेलाचं उलट आहे. ते पाण्यावर तरंगतं, म्हणजे पाण्याहून हलकंच; पण २० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता पाण्याच्या जवळजवळ हजारपट भरते. बोलताना आपण या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतो. तेल ‘जड’ आहे, रंग ‘घट्ट’ आहे, आमटी ‘दाट’ झाली, असं म्हणताना वजन कुठे संपतं आणि वाहण्यातला अडथळा कुठे सुरू होतो, याचा विचार कोणी करत नाही.

वजनाला तराजू आहे. श्यानता थेट दाखवणारं उपकरण मात्र अजून कोणी बनवलेलं नाही. जे मोजलं जातं ते म्हणजे वेळ, नळीची जाडी, तारेला पडलेला पीळ. श्यानता त्यातून हिशेबाने काढावी लागते. हिशेब आला की गृहीतकं आली, आणि या विषयाचा इतिहास पुष्कळसा त्या गृहीतकांनी दिलेल्या दग्यांचा आहे.

सुरुवात न्यूटनपासून करायची प्रथा आहे. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या खंडात त्यांनी एक गृहीतक मांडलं: द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना जो विरोध होतो, तो त्या थरांच्या वेगांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून सगळ्यात वरच्या पत्त्यावर तळवा टेकवा आणि पुढे ढकला. वरचा पत्ता सगळ्यात पुढे जातो, खालचा जागेवर राहतो, मधले आपापल्या जागेप्रमाणे थोडे थोडे सरकतात. प्रत्येक पत्ता खालच्याला ओढतो आणि खालचा त्याला अडवतो. द्रवातही असंच घडतं, आणि हा अडवण्याचा जोर किती, ते श्यानता सांगते. न्यूटननी त्यासाठी कोणताही प्रयोग केला नव्हता. ग्रह आकाशातल्या भोवऱ्यांमुळे फिरतात हे देकार्त यांचं म्हणणं त्यांना खोडून काढायचं होतं, आणि त्या वादाच्या ओघात हे वाक्य आलं. पुढे दीडशे वर्षं त्याला कोणी आकडा जोडला नाही.

आकडा आला तो एका डॉक्टरकडून. झां लेओनार मारी प्वाझय यांचा जन्म १७९७ सालचा, पॅरिसचा. १८२८ साली त्यांनी वैद्यकातल्या पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हृदयाच्या जोराविषयी. धमनीतला रक्तदाब मोजायला त्यांनी पारा भरलेली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची नळी वापरली. डॉक्टर आजही रक्तदाब ‘मिलिमीटर पारा’ या एककात सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. पण प्वाझय यांना खरं कुतूहल होतं ते केशवाहिन्यांचं. इतक्या बारीक वाटेतून रक्त जातं कसं, आणि वाट आणखी बारीक झाली तर काय होतं?

रक्तावर प्रयोग करणं तेव्हा अशक्यच होतं, कारण ते नळीत शिरताच गोठायचं आणि गोठू न देणारी औषधं अजून यायची होती. म्हणून त्यांनी शुद्ध पाणी घेतलं आणि काचेच्या नळ्या घेतल्या. त्यांतल्या काहींची पोकळी केसाहूनही बारीक होती. नळीच्या वरच्या टोकाला काचेचा लहानसा फुगा, फुग्याच्या वर एक रेघ आणि खाली एक. दाबलेली हवा पाण्याला ढकलते, पाण्याची पातळी वरच्या रेघेवर आली की वेळ धरायची, खालच्या रेघेला पोचली की थांबवायची. सगळं उपकरण पाण्यात बुडवलेलं, म्हणजे तापमान हलायला नको. १८४० च्या आसपासची ही मांडणी आजच्या कोणत्याही प्रयोगशाळेतल्या माणसाला पाहताक्षणी ओळखू येईल.

निघालेला नियम असा: ठरावीक वेळात वाहणारं पाणी दाबाच्या प्रमाणात वाढतं, नळी जितकी लांब तितकं कमी होतं, आणि नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतं. यातला चौथा घात महत्त्वाचा. नळीचा व्यास निम्मा केला तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. व्यास दहा टक्क्यांनी घटला की प्रवाह एक तृतीयांशाहून अधिक घटतो. शरीराच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीने किंचित आकसून घेतलं तरी त्या अवयवाकडे जाणारं रक्त झपाट्याने कमी करता येतं. मोजणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही आफत आहे. व्यास मोजताना एक टक्का चूक झाली की उत्तरात चार टक्के चूक येते. आणि काचेची नळी कधीच आतून अगदी गोल नसते, एका टोकाला जेवढी तेवढीच दुसऱ्या टोकालाही नसते. प्वाझय टोकं सूक्ष्मदर्शकाखाली धरून व्यास मोजत. पुढे आणखी एक युक्ती रूढ झाली: नळीत पाऱ्याचा छोटा स्तंभ घ्यायचा, त्याची लांबी मोजायची, मग तो पारा बाहेर काढून तोलायचा. वजनावरून आकारमान, आकारमानावरून आतला व्यास. तोच स्तंभ नळीभर सरकवत नेला आणि त्याची लांबी बदलली, तर नळी कुठे रुंद आहे नि कुठे चिंचोळी तेही कळतं.

हा नियम शोधणारे प्वाझय एकटे नव्हते. गोटहिल्फ हागेन या जर्मन अभियंत्याने पितळी नळ्यांवर असेच प्रयोग करून १८३९ साली, म्हणजे थोडं आधीच, निष्कर्ष छापले होते. वेग वाढला की नळीतून येणारी धार थरथरायला लागते, हेही हागेन यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. प्रवाह असा बिघडला की थर थरांवरून निमूट सरकत नाहीत, आणि सूत्र निकामी होतं. नियमाला पुष्कळ पुस्तकांत दोघांचं नाव जोडून लिहितात, ते योग्यच आहे. एककाला मात्र एकट्या प्वाझय यांचं नाव मिळालं: ‘पॉइज’. ते सुचवलं गेलं १९१३ साली, डीली आणि पार या दोघांनी हिमनदीच्या बर्फाच्या श्यानतेवर लिहिलेल्या लेखात. केसाहून बारीक धारा मोजणाऱ्या माणसाचं नाव शतकानुशतकं इंच इंच सरकणाऱ्या बर्फाच्या निमित्ताने चिकटावं, ही गंमत मला फार आवडते. पॉइजचा शंभरावा भाग म्हणजे सेंटिपॉइज, आणि २० अंशांना पाण्याची श्यानता जवळजवळ नेमकी एक सेंटिपॉइज भरते.

‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा, कारण जगातली बहुतेक मोजमापं पाण्याच्या याच आकड्यावर उभी आहेत. दर वेळी नळीचा व्यास मोजत बसणं कोणालाच परवडत नाही. त्यातून पळवाट निघाली: तीच नळी, आधी पाणी वाहवा, मग हवा तो द्रव, आणि दोन वेळांचं गुणोत्तर घ्या. नळीचे सगळे दोष दोन्ही वेळा सारखेच असल्याने हिशेबातून निघून जातात. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या नावाची काचेची वाकडी नळी बीएस्सीच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हातात पडते ती यासाठीच. फक्त कोणीतरी एकदा पाण्याचा आकडा निरपेक्षपणे, म्हणजे कशाशीही तुलना न करता, काढून ठेवायला हवा. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये हे काम १९३१ साली सुरू झालं आणि स्विंडेल्स, को आणि गॉडफ्री यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो १९५२ साली. वीस वर्षं, एका द्रवाच्या एका तापमानाच्या एका आकड्यासाठी! उत्तर आलं १.००१९ सेंटिपॉइज. आज १.००१६ धरतात.

एवढी चिकाटी तापमानासाठीही लागते. २० अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने तापलं की त्याची श्यानता सुमारे अडीच टक्क्यांनी उतरते. एरंडेल याबाबत फारच हळवं. २० अंशांना ९८५ सेंटिपॉइज, ३० अंशांना साडेचारशे. दहा अंशांत निम्म्याहून कमी! महाविद्यालयात एरंडेलात छर्रे सोडून श्यानता काढण्याचा प्रयोग असतो. त्यात सकाळच्या तुकडीचं आणि मार्चमधल्या दुपारच्या तुकडीचं उत्तर जुळत नाही, त्याचं कारण सहसा मुलांचा आळस नसून हेच असतं. चिरोटे किंवा रव्याचे लाडू करणाऱ्या बायकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. पाक एकतारी आला का हे पाहताना त्या उकळत्या पातेल्यातला थेंब तसाच बोटांत धरत नाहीत. बशीत टाकतात, किंचित निवू देतात, आणि मग अंगठा-तर्जनीमध्ये तार ओढून पाहतात. बोट भाजू नये हा हेतू आहेच, पण दर वेळी साधारण सारख्याच तापमानाला चाचणी होते, हा त्याचा फायदा.

कारखानदारीला निरपेक्ष आकड्यांत रस नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांना खनिज तेलाचं वंगण लागू लागलं, आणि विकणाऱ्या-घेणाऱ्यांना एवढंच हवं होतं की मागच्या पिंपातलं तेल आणि या पिंपातलं तेल सारखं आहे की नाही. ब्रिटनमध्ये बोव्हर्टन रेडवुड, अमेरिकेत सेबोल्ट, जर्मनीत एंग्लर अशी तीन घराणी तयार झाली. तिन्हींची कल्पना एकच: ठरावीक भोकातून ठरावीक तेल गळायला किती सेकंद लागतात? रेडवुडमध्ये ५० मिलिलिटर, सेबोल्टमध्ये ६०, आणि एंग्लरमध्ये २०० मिलिलिटर तेलाच्या वेळेला तेवढ्याच पाण्याच्या वेळेने भागायचं. तेलाची श्यानता त्यामुळे देशागणिक वेगळ्या भाषेत बोलली जाऊ लागली. रेडवुडचं पितळी यंत्र आपल्याकडच्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ठाण मांडून बसलं. बाहेर पाण्याचं भांडं, आत तेलाचा पेला, तळाशी अकीक दगडात कोरलेलं १.६२ मिलिमीटर व्यासाचं छिद्र आणि त्यावर बूच म्हणून एक गोळी. गोळी उचलायची, घड्याळ सुरू करायचं, खालच्या चंबूतल्या ५० च्या खुणेला तेल टेकलं की बंद करायचं. दगड अकीकच का, तर तो झिजत नाही. चौथ्या घाताची भीती इथेही आहेच.

‘रेडवुड सेकंद’ म्हणजे श्यानता नव्हे, हे मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच स्पष्ट सांगितलं जातं. छिद्र आखूड असल्यामुळे तेलाला ढकलणाऱ्या जोराचा काही भाग घर्षणाऐवजी त्याला वेग देण्यातच खर्च होतो. त्यामुळे पातळ तेलांसाठी सेकंद आणि खरी श्यानता यांचं साधं प्रमाण राहत नाही, तक्ते पाहावे लागतात. शिवाय तेल स्वतःच्या वजनाने गळत असल्यामुळे घनतेचाही त्यात हात असतो. आता वाहनाच्या तेलाच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ असं लिहिलेलं असतं, त्यातला ४० हा आकडा १०० अंशांना मोजलेल्या श्यानतेवरून दिलेला दर्जा आहे आणि ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. गॅरेजवाला त्याला तेलाचा ‘ग्रेड’ म्हणतो. ते सेकंद नव्हेत, आणि सेंटिपॉइजही नव्हेत.

नळीऐवजी गोळी वापरायची वाट जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ साली मोकळी केली. द्रवातून सावकाश पडणाऱ्या गोळीला होणारा विरोध तिची त्रिज्या, तिचा वेग आणि द्रवाची श्यानता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. गोळीचा वेग लवकरच स्थिर होतो. तो मोजला की श्यानता मिळाली. सूत्र देखणं आहे, पण द्रव सर्व बाजूंनी अमर्याद पसरलेला आहे असं ते धरून चालतं. काचेच्या उभ्या नळीत गोळीचा व्यास नळीच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढा असला, तरी भिंतींमुळे तिचा वेग सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो.

वायूंनाही श्यानता असते. मॅक्सवेल यांनी १८६० साली गणिताने दाखवलं की वायू विरळ केला तरी त्याची श्यानता बदलू नये. हे त्यांना स्वतःलाच पटेना. रेणू निम्मे केले तर घर्षणही निम्मं व्हायला नको का? म्हणून त्यांनी लंडनमध्ये केन्सिंग्टनच्या राहत्या घराच्या माळ्यावर एक उपकरण उभारलं. तारेला टांगलेल्या काचेच्या चकत्या स्थिर चकत्यांच्या मधोमध मागे-पुढे झोके घेत, आणि झोका किती लवकर विरतो यावरून हवेची श्यानता निघे. तापमान वाढवून पाहायचं तर भर उन्हाळ्यात खोलीत शेकोटी पेटती ठेवावी लागे, किटलीत पाणी उकळत ठेवावं लागे. त्यात त्यांची पत्नी कॅथरीन यांचा बरोबरीचा हात होता. दाब बराच कमी केला तरी झोके तितक्याच वेळात विरले! तापमान वाढवलं तेव्हा श्यानता वाढली, म्हणजे तेलाच्या नेमकी उलट. द्रवात रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि उष्णतेने ती पकड सैल होते. वायूत रेणू एका थरातून दुसऱ्यात धावतात, आणि उष्णतेने ते अधिक जोरात धावतात.

हवेच्या या क्षुल्लक वाटणाऱ्या आकड्याने विसाव्या शतकात मोठा घोटाळा केला. शिकागोत रॉबर्ट मिलिकन तेलाचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगत ठेवून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजत होते. थेंब इतका लहान की त्याचा आकार सरळ मोजता येत नाही. तो हवेतून किती वेगाने पडतो यावरून, स्टोक्स यांच्या सूत्राने, त्रिज्या काढायची. म्हणजे हवेची श्यानता माहीत हवी, आणि ती अंतिम उत्तरात दीडाव्या घाताने शिरते. मिलिकन यांनी त्या काळातली उत्तम मोजमापं घेतली. त्यांच्याच प्रयोगशाळेत गिलख्रिस्ट यांनी एकात एक बसवलेल्या दंडगोलांनी हवेची श्यानता मोजली होती. १९१३ साली भार आला १.५९२, आजचा आकडा १.६०२ (दोन्ही कूलोमच्या दहाच्या उणे एकोणिसाव्या घाताच्या पटीत). १९२३ साली त्यांना नोबेल मिळालं.

मग १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्ष-किरणांच्या अभ्यासकांनी वेगळीच वाट धरली. क्ष-किरणांनी स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर मोजलं, त्यावरून ठरावीक वजनात अणू किती ते काढलं, आणि विद्युतविघटनातून माहीत असलेल्या एकूण भाराला त्या संख्येने भागलं. भार थोडा जास्त आला. काही वर्षं दोन्ही पक्ष एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले. शेवटी १९३५ साली उप्सालाच्या केलस्ट्रोम यांनी हवेची श्यानता नव्याने मोजली, आणि जुना आकडाच कमी असल्याचं निघालं. पुढच्या मोजमापांनीही त्याला दुजोरा दिला: चूक सुमारे अर्ध्या टक्क्याची होती. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ सालच्या एका भाषणात ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या मनोवृत्तीची म्हणून सांगितली: मिलिकनना खोटं पाडायला लोक कचरले, म्हणून आकडा हळूहळू वर सरकला. गोष्ट चांगली आहे, पण मला ती अर्धीच वाटते. थेंबाचा प्रयोग जितके वेळा नीट केला असता तितके वेळा तेच चुकीचं उत्तर आलं असतं, कारण दोष थेंबात नव्हताच, तो बाहेरून आणलेल्या आकड्यात होता.

दंडगोलांची ही पद्धत मोरिस कुएट यांच्या १८९० सालच्या कामामुळे प्रसिद्ध आहे. बाहेरचं भांडं फिरवायचं, आतला दंडगोल तारेला टांगायचा, मधल्या फटीत द्रव; तारेला किती पीळ पडला यावरून श्यानता. हिचा मोठा गुण असा की फिरण्याचा वेग आपल्या हातात राहतो. त्यामुळे न्यूटनचं गृहीतक न पाळणारे द्रव उघडे पडतात. टोमॅटो केचप, भिंतीचा रंग, दंतमंजनाची पेस्ट यांची श्यानता ढवळण्याचा वेग वाढला की घटते. त्यांना एक आकडा नसतोच, आलेख असतो. रंगासाठी हे वरदान आहे: ब्रश फिरताना तो पातळ होऊन पसरतो, ब्रश उचलला की घट्ट होतो आणि भिंतीवरून ओघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या बहुवारिकांच्या द्रावणांवर काम केलं, ती याच जातीची. आणि रक्तही याच जातीचं! संथ वाहताना तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून रास करतात, वेगात त्या सुट्या होतात. १९३१ साली फोरेअस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं की सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्त जाड नळीतल्यापेक्षा पातळ असल्यासारखं वागतं. केशवाहिन्यांसाठी शोधलेला प्वाझय यांचा नियम पाण्याला चोख लागू पडतो आणि केशवाहिन्यांतल्या रक्ताला तेवढा पडत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ पासून चाललेला डांबराच्या थेंबाचा प्रयोग वाचकांना माहीत असतो. दशकाला एखादा थेंब पडतो, त्यावरून डांबराची श्यानता पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट काढली आहे. कौतुक आहेच, पण मोजमाप म्हणून तो फारसा चांगला नाही. कित्येक दशकं डांबराचं नरसाळं खोलीच्या ऋतुमानावर सोडलेलं होतं. इमारतीत वातानुकूलन आल्यावर थेंबांची चाल मंदावली.

सगळ्यात विचित्र प्रकार दुसऱ्या टोकाला आहे. जानेवारी १९३८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात मॉस्कोहून कापित्सा यांनी आणि केंब्रिजहून ॲलन व मिसेनर यांनी कळवलं की सुमारे उणे २७१ अंशांखालचं द्रव हेलियम अतिबारीक फटीतून जवळजवळ विनाअडथळा वाहतं. दाब वाढवून वेगात फरक पडेना, नळी बारीक केल्याने धार आटेना. नळीच्या मापाने श्यानता शून्य. त्याच काळात लायडनमध्ये त्याच हेलियममध्ये झोके घेणारी चकती वापरली, तेव्हा मात्र श्यानता स्पष्ट मिळाली, शून्य अजिबात नव्हे. दोन्ही उपकरणं चोख, दोन्ही प्रयोगकर्ते सावध. तिझा आणि नंतर लँडाऊ यांनी तोडगा मांडला की हे हेलियम दोन भागांचं मिश्रण असल्यासारखं वागतं. एक भाग घर्षणरहित, जो नळीतून निसटतो. दुसरा नेहमीसारखा, जो नळीत अडकतो पण चकतीला ओढ देतो. १९४६ साली आंद्रोनिकाश्विली यांनी एकमेकींच्या अगदी जवळ रचलेल्या पातळ ॲल्युमिनियमच्या चकत्यांची चवड हेलियममध्ये फिरवली. चकत्यांबरोबर किती हेलियम ओढलं जातं हे त्यांनी निरनिराळ्या तापमानांना मोजलं, आणि तापमान उतरेल तसा तो नेहमीसारखा भाग कसा घटत जातो याचा आलेख काढून दिला.